मार्खाच्या वाटेची आखणी

लडाखमधल्या मार्खा खोऱ्यात पायी फिरायचे ठरले आणि घरात पहिला वाद तिकिटावरून झाला. मुलांना विमानाने थेट लेह हवे होते. लेह सुमारे 3,500 मीटरवर. आम्ही रत्नागिरीची माणसे. एकदम तिथे उतरलो की डोके धरते, झोप उडते. शिवाय अब्बा पासष्टीचे. म्हणून श्रीनगर-कारगिलची सडक धरायची. दिवस जास्त जातील, पण उंची अंगाला हळूहळू सोसवेल. तरीही लेहमध्ये दोन दिवस विश्रांती, बाजारातल्या जामा मशिदीत नमाज, एवढेच.

खोऱ्यात गावकऱ्यांच्या घरी मुक्काम मिळतो. जेवण डाळभात, भाजीचेच सांगायचे. हलालची चिंता मिटते. ओढ्याचे पाणी बर्फाचे, त्यामुळे यादीत सर्वांत वर चामड्याचे मोजे: वुजू करून घातले की मुसाफिराला तीन दिवस, तीन रात्री मसहची सवलत आहे. (अम्मींनी ते आधीच शोधून ठेवलेत.)

खरी चर्चा झाली शेवटच्या खिंडीवर. कोंगमारू ला 5,200 मीटरच्या वर, आणि आदली रात्र निमालिंगच्या कुरणात तंबूत. अब्बा म्हणाले, "मला दम लागला तर तुम्ही पुढे जा." ते कुणालाच पटले नाही. ठरले असे: तिथे कुणाचेही डोके सकाळपर्यंत उतरले नाही, तर सगळेच मागे, खालच्या हांकर गावाकडे. त्यासाठी परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवलेत.

"खिंड समोर दिसत असली तरी?" धाकट्याने विचारले.

तरीही.