डँट्झिग सर आणि आमची मेस

मागच्या ऑगस्टमध्ये मी हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी झालो. निवडून वगैरे नाही हं. मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर बाकीच्यांनी माझं नाव लिहून टाकलं होतं! उशिरा येण्याचे फायदेही असतात, हे त्याच आठवड्यात ओ.आर.च्या लेक्चरला कळलं.

1939 साली बर्कलीच्या विद्यापीठात जॉर्ज डँट्झिग नावाचा विद्यार्थी प्रा. नेमन यांच्या वर्गात असाच उशिरा आला. फळ्यावर दोन गणितं होती. होमवर्क समजून त्यानं उतरवून घेतली, नेहमीपेक्षा जरा अवघड वाटली, पण सोडवून दिली. सहाएक आठवड्यांनी एका रविवारी सकाळी 8 वाजता नेमन सर स्वतः त्याच्या दारात हजर! ती गणितं होमवर्क नव्हतीच, संख्याशास्त्रात तोवर कुणालाच न सुटलेले प्रश्न होते. त्यातूनच पुढे त्याचा पीएच.डी.चा प्रबंध झाला. (आम्ही उशिरा गेलो की फळ्यावर फक्त टेस्टची तारीख असते.)

1946 ला डिग्री मिळाली, बर्कलीनं नोकरीही देऊ केली, पण पगार कमी. म्हणून हे महाशय पेंटॅगॉनमध्ये हवाई दलाचे गणिती सल्लागार झाले. 70 माणसांना 70 कामं वाटायची तर किती प्रकारे वाटता येतील? 1 वर 100 शून्यं, त्याहूनही जास्त. सगळे पर्याय तपासायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. 1947 मध्ये डँट्झिगनं सिम्प्लेक्स काढली, म्हणजे एका कोपऱ्यावरून त्याहून बऱ्या कोपऱ्यावर जात राहायचं. आपण परीक्षेत टेबलांवर टेबलं काढतो आणि शेवटच्या ओळीत बेरीज चुकवतो, तीच ही.

1960 ला तो प्राध्यापक म्हणून बर्कलीला परतला, 1966 पासून स्टॅनफर्डला. त्याच्या हाताखाली 50 हून अधिक जणांनी पीएच.डी. केली. 1975 मध्ये साधनसामग्रीच्या योग्य वाटपाच्या सिद्धांतासाठी अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, ते कूपमन्स आणि कँटोरोविच यांना. डँट्झिगचं नाव नाही. तो शिकवत राहिला. 2005 मध्ये तो गेला. हे सांगताना आमच्या सरांनी खडू खाली ठेवला होता.

सिम्प्लेक्सची पहिली मोठी परीक्षा आहाराच्या प्रश्नावर झाली. 77 पदार्थ, 9 पोषक घटक, स्वस्तात स्वस्त जेवण शोधा. हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर 120 मनुष्य-दिवस लागले. माझ्याकडे तर एक्सेल होतं!

घाई असायला कारणही होतं. मेसचं बिल 3200 वर गेलं होतं आणि आमच्या मजल्यावरच्या फर्स्ट इयरच्या दोन मुलांनी रात्रीचं जेवण बंद केलं होतं. विचारलं तर म्हणाले, "भूक नसते दादा." दोन रात्री जागून मी शीट बनवली. उत्तर आलं : भात, सोयाबीनच्या वड्या, शेंगदाणे, गूळ. रात्रीच्या चपात्या शून्य. वाचत होते 340 रुपये. काकांना पटवलं आणि दिवाळीनंतर मेनू बदलला.

चौथ्या दिवशी ताट ठेवायला गेलो तर चपात्या लाटणाऱ्या मावशी पिशवी घेऊन निघालेल्या. संध्याकाळचे फक्त सहा वाजले होते.

"मावशी, लवकर?"

"रातच्याला काम न्हाई आता. अर्धाच पगार म्हनाले. तुमीच कायतरी हिशेब काढला न्हवं बाळा?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रूमवर येऊन शीट उघडली. मावशी शीटमध्ये होत्या, पण खर्चाच्या रकान्यात. चपातीची किंमत काढताना पीठ, तेल, गॅस आणि 'लाटण्याची मजुरी' मीच धरली होती. ती कमी करायला मीच सांगितलं होतं, मशीन बिचारं काय करणार?

सरांकडे गेलो. ते हसले नाहीत. डँट्झिगनं 1990 मध्ये लिहिलेली एक हकीकत त्यांनी सांगितली. वजन उतरवायचं म्हणून त्यानं स्वतःचाच आहार कॉम्प्युटरकडून काढून घेतला, तर उत्तर आलं दिवसाला 500 गॅलन व्हिनेगर! व्हिनेगर काढून टाकलं, तर रोज 200 सूपच्या वड्या. प्रत्येक वेळी घरी अ‍ॅनबाईंचं हसू, आणि प्रत्येक वेळी नवी अट घालायची. एवढा मोठा प्राध्यापक, पण आपल्याच मॉडेलची फजिती लिहून छापायला दिली. "नोबेलपेक्षा मला हे जास्त वाटतं," सर म्हणाले. मला तेव्हा एवढं पटलं नाही. मावशींचा अर्धा पगार हसण्यासारखा नव्हता.

मग एक ओळ वाढवली : रात्री माणशी किमान दोन चपात्या. दुसरी : लाटणाऱ्यांचे तास आहेत तेवढेच. बचत 340 वरून 150 वर आली. काकांनी कुरकुर केली, मावशी परत आल्या. फर्स्ट इयरचा एक मुलगा रात्री जेवायला येतो, दुसरा अजून येत नाही. त्याच्यासाठी काय अट लिहायची ते सुचलेलं नाही.

शीट मेसच्या नोटीस बोर्डावर लावली आहे. चूक सापडली तर रूम नंबर 112, रात्रीच्या जेवणानंतर.