पुढचा टायर, मागचा दोष

ट्रकचा टायर एका बाजूने खातोय अशी तक्रार आली की मी आधी पान्याला हात लावत नाही. पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवतो, बाहेरून आत आणि पुन्हा आतून बाहेर. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं आत वळलेली असणं, जास्त झालं असेल तर आत जाताना हात सुळकन सरकतो आणि बाहेर येताना गोटीगोटीची कड करवतीच्या दातांसारखी बोचते. टो-आउट असेल तर उलट. डोळ्यांना झीज दिसेपर्यंत टायरचं बरंच आयुष्य गेलेलं असतं. हाताला ती कितीतरी आधी लागते.

आणि दोष तरी केवढा? दोन्ही टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. 10.00-20 च्या टायरचा व्यास मीटरभर असतो. या दोन मापांत 6 मिमीचा फरक पडला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला 3 मीटर आडवं घासत जातं. 100 किलोमीटरला 300 मीटर, तेही टनावारी ओझ्याखाली. रबर टिकणार कसं?

एकदा खडी वाहणारा 10 चाकी टिपर आला. डावा टायर बाहेरून खाल्लेला, उजवा आतून. गाडी डावीकडे ओढते म्हणून ड्रायव्हर दिवसभर स्टिअरिंग उजवीकडे धरून चालवायचा. त्याचे खांदे भरून आले होते. मालक वैतागला होता. “पुढचं अलाइनमेंट करून आणलंय, टायर नवे टाकलेत, तरी तेच.” हात फिरवला, तर दोन्ही टायरांवर तो डावीकडून उजवीकडे जाताना गुळगुळीत आणि परतताना अडत होता. बिघाड पुढची दोन चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचा असता तर दोन टायर एकमेकांच्या उलट बोलले असते, आरशातल्यासारखे. दोघंही एकाच दिशेने घासले जात असतील, तर मला पुढे बघण्यात अर्थ वाटत नाही. मी मागे गेलो.

त्याआधी किंगपिन आणि हबच्या बेअरिंगचा खेळ जॅकवर तपासून घेतला, हवा दोन्हीकडे सारखी केली. हे न करता माप घेणं म्हणजे वेळ घालवणं. मग गाडी सपाट फरशीवर सरळ पुढे घेऊन थांबवली. रिव्हर्स घेऊन लावलेल्या गाडीचं माप मी धरत नाही, कारण सगळे ढिले सांधे तेव्हा उलट्या बाजूला बसलेले असतात. अ‍ॅक्सलच्या टोकांवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि टेप लावला. मागच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर उजवीकडे 12 मिमी जास्त भरलं. शेवटचा अ‍ॅक्सल तिरका बसला होता. अ‍ॅक्सल जागेवर धरणाऱ्या उजव्या टॉर्क रॉडच्या बुशातलं रबर फाटून गेलं होतं. खाणीच्या रस्त्यावर ते फार टिकतही नाही. तिरका अ‍ॅक्सल गाडीचं बूड उजवीकडे ढकलणार, तोंड डावीकडे वळणार, ड्रायव्हर ते उजवीकडे ओढून धरणार. या ओढाताणीत पुढचे दोन टायर बळी जात होते.

साध्या कमानपाट्याच्या गाडीत हेच काम ढिला यू-बोल्ट किंवा तुटलेला सेंटर बोल्ट करतो. मशीनवर फक्त पुढची चाकं चढवून हे कधीच सापडणार नाही. मला याचा राग येतो, कारण टायरचे पैसे मालकाचे जातात आणि खांदे ड्रायव्हरचे. चारही बाजूंनी टेप लावायला फार वेळ लागत नाही.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, अंतर जुळवलं, आणि मगच पुढचं टो-इन बघितलं. खाल्लेले टायर मात्र पुढे ठेवले नाहीत. एकदा झिजायची सवय लागलेला टायर दोष गेल्यावरही तसाच झिजत राहतो. ते काढून मागच्या जोडीत टाकले, तेही व्यास मोजून, कारण जोडीतला लहान टायर घासत फिरतो. ड्रायव्हरला सांगितलं, पहिल्या काही खेपा झाल्या की हवा भरताना पुढच्या नव्या टायरवर स्वतः हात फिरवून बघ, आणि कड कुठल्या बाजूला लागते ते मला फोनवर सांग.