एक रेक्टर असाही

रेक्टर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रात्रीची हजेरी आणि ‘लाइट बंद करा रे!’ पण इंग्लंडमध्ये गावच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूलाही रेक्टर म्हणतात. अशाच एका रेक्टरची गोष्ट वाचली आणि ती डोक्यातून जाईना.

डर्बीशायरमधलं ईम हे छोटंसं गाव. १६६५ च्या सप्टेंबरमध्ये गावातल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. दमट होतं म्हणून शेकोटीपाशी वाळत घातलं. कापडात पिसवा आणि पिसवांत प्लेग! शिंप्याकडे कामाला असलेला जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. मग रांगच लागली.

जून १६६६ मध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि पूर्वीचा धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली एकत्र आले. खरं तर दोघांची धर्ममतं वेगळी. स्टॅन्लीला तर त्यापायीच पद सोडावं लागलेलं. पण दोघांनी मिळून गावाला सांगितलं, हद्द ओलांडायची नाही, रोग शेजारच्या गावात जाता कामा नये. आणि गाव थांबलं! शेजारचे लोक हद्दीवर धान्य ठेवून जायचे. गावकरी दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली.

मॉम्पेसनने स्वतःची मुलं मात्र आधीच बाहेर पाठवली होती. हे वाचून मला जाम राग आला. पण त्याची बायको कॅथरीन गावातच राहिली, आणि ऑगस्टमध्ये तीही गेली.

राग आला खरा, पण मला तो अधिकार आहे का? २०२० मध्ये आमच्या गावानेही वेस बंद केली होती. बाभळीच्या फांद्या टाकून आम्ही पोरं काठ्या घेऊन उभी. पुण्याहून चालत आलेल्या एका कुटुंबाला आम्ही रात्रभर बाहेर बसवलं. ते आमच्याच गावचे होते. ईमच्या लोकांनी दुसऱ्यांसाठी स्वतःला कोंडून घेतलं. आम्ही आमच्याच माणसांना बाहेर ठेवलं.

त्यांचा मुलगा शाळेत माझ्या बाकावर बसायचा. अजून भेटतो, हसतो. त्या रात्रीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. या दिवाळीत घरी गेलो की आधी त्याच्याकडे जाणार आहे.