पहाटेची पोरं

पाच वाजता धाड गावच्या रस्त्यावर पावलांची धपधप ऐकू आली. लष्करभरतीची तयारी करणारी पोरं. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत. मोबाईलवर वेळ लावून पळतात. एकाच्या बुटाला सुतळीची लेस होती.

ही पोरं दिसली की अक्षय गवते आठवतो. जवळच्याच पिंपळगाव सराईचा अग्निवीर. सैलानीच्या यात्रेमुळे ते गाव आमच्या पायाखालचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर त्याचा जीव गेला. हिमनदीवर १९८४ पासून पहारा आहे, आणि तिथे गोळीपेक्षा थंडीनं, विरळ हवेनंच जास्त जवान नेलेत. मग अशा मरणाला युद्धातलं म्हणायचं की नाही, हा वाद घालणारे घालोत. आईला काय फरक पडतो?

तो गेला तेव्हा नवरात्र चालू होतं. सोयाबीन निघालेलं, झेंडू दसऱ्यासाठी राखलेला. त्यातलाच काही त्याच्या हारांना गेला असेल.

अग्निवीराची चार वर्षांची नोकरी, पुढे चौघांतला एक कायम. हा हिशेब मला अजून पटत नाही. पोरांना विचारलं तर हसतात.

सुतळीवाला परत फिरला तेव्हा पाच चाळीस झाले होते. थांबून त्यानं गाठ पुन्हा आवळली.