कावेरीच्या काठी, कृष्णराजसागराच्या भेटीला

म्हैसूरला जाणारा प्रवासी राजवाडा पाहतो, चामुंडी टेकडीवर जातो आणि संध्याकाळी वृंदावन उद्यानातली रंगीत कारंजी पाहून परततो. आम्ही मात्र या वेळी दुपारीच निघालो. म्हैसूरपासून जेमतेम वीस किलोमीटर, वाटेत बेळगोळ लागते. गोमटेश्वराचे श्रवणबेळगोळ ते वेगळे, हे बेळगोळ धरणाच्या शेजारचे.

2023 साली पावसाने दगा दिला होता आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिथे पोहोचलो होतो. पूर्ण भरल्यावर 124.80 फूट पातळी गाठणारा, सुमारे 49 अब्ज घनफूट पाणी साठवणारा हा जलाशय आक्रसून गेला होता. काठाची माती भेगाळलेली, तिच्यावर गुरे चरत होती. "आई, समुद्राएवढं पाणी कुठंय?" धाकटीने विचारले. मला उत्तर सुचले नाही.

कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ यांचे पाणी इथे एकत्र येते. 1911 मध्ये बांधकाम सुरू झाले. सिमेंटऐवजी विटांची भुकटी आणि चुना यांची सुरखी वापरून अडीच किलोमीटरहून लांब भिंत उभी राहिली. त्यामागची दृष्टी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. मराठी माणसाला हे नाव परके नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात ते शिकले, 1884 मध्ये मुंबई इलाख्यात नोकरीला लागले आणि खडकवासल्याला 1903 मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पुण्याच्या नळाला येणारे पाणी आणि मंड्याच्या उसाला मिळणारे पाणी यांचे असे नाते आहे!

मंड्याची जमीन पूर्वी पावसावर अवलंबून होती, नाचणी पिकवणारी. कालवे आले, भात-ऊस आला, 1933 मध्ये साखर कारखाना निघाला. पण या समृद्धीची किंमत कन्नंबाडी गावाने मोजली. गाव पाण्याखाली गेले, त्याबरोबर होयसळकालीन वेणुगोपाळाचे देऊळही. दुष्काळात पाणी फार ओसरले, की ते देऊळ डोके वर काढी. पुढे ते दगड न् दगड उचलून काठावर नव्याने उभारले गेले. आम्ही तिथे गेलो. थंडगार दगडी मंडपात बसून समोरचा उघडा तळ पाहताना वाटले, गाव सोडून गेलेल्यांना आज काय वाटत असेल?

कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यातला पाण्याचा वादही अशाच वर्षांत पेटतो. 1924 चा करार झाला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तरी पाऊस कमी पडला की दोन्हीकडचा शेतकरी आभाळाकडेच पाहतो.

संध्याकाळी उद्यानात दिवे लागले. कारंजी नाचू लागली, मुले हरखली. परतताना धाकटीने पाण्याच्या बाटलीतला शेवटचा घोट जपून प्यायली.

जाणार असाल तर पावसाळा सरता सरता जा, त्या वेळी जलाशय सहसा भरलेला असतो. म्हैसूरहून बस मिळते. वेणुगोपाळाचे दर्शन मात्र चुकवू नका.