खाली नाव आपलंच

मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या बफलो शहरची ॲनी डिफ्रँको स्वतःच गाणी रचते आणि गाते. लोकगीताच्या वळणाची, गिटारवरची. १९९० साली, विशीच्या उंबरठ्यावर, तिनं पहिला अल्बम कुणा कंपनीची वाट न बघता स्वतःच काढला. ५०० कॅसेट! कार्यक्रम झाला की तिथंच विकायच्या. पुढं बड्या कंपन्या दारी आल्या, पण गाण्यांवरचा हक्क तिनं सोडला नाही.

म्हणाल, आपल्याला काय त्याचं? अहो, मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांसाठी रचलेली माझी बडबडगीतं एका पुस्तिकेत छापून आली, बिननावाची. विचारलं तर, “बाई, घरचंच तर काम!” आता प्रत्येक गीताखाली नाव नि तारीख घालूनच कागद देते. तुम्हीही घाला बरं!