वरून रेटा, खालून ओढ

अर्धांगवायूच्या रुग्णाला पहिला घोट देण्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञ त्याच्या गळ्यावर चार बोटं ठेवते: तर्जनी हनुवटीखाली, मधलं बोट जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडावर, उरलेली दोन कंठमण्यावर. ‘गिळा’ म्हटलं की कंठमणी झटकन वर यायला हवा. तो रेंगाळला, तर बोटांना लगेच कळतं.

नुसता घास ढकलून भागत नाही. जीभ टाळूवर दाबते, मऊ टाळू उचलून नाकाची वाट बंद करतो, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो. एकही फट राहिली तर जिभेचा रेटा तिथूनच निसटतो. खाली अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं कडं एरवी आवळलेलं असतं. ते सैल पडतं खरं, पण उघडतं ते वर-पुढे सरकणाऱ्या कंठाने ओढून धरल्यामुळे. तिथला दाब क्षणभर बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही कमी होतो आणि घास आत ओढला जातो. सगळा खेळ सेकंदभराचा!

गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या रुग्णात हे हिशेब बिघडतात. स्वरतंतूंखालचा दाब नळीतून निघून जातो. अमेरिकेत डेव्हिड मुइर या श्वसनयंत्रावरच्या तरुणाने 1985 मध्ये बोलता यावं म्हणून एकेरी झडप तयार केली. श्वास नळीतून आत येतो, बाहेर मात्र घशातूनच जातो. त्या झडपेने काहींचं गिळणंही सुधारतं.

घरच्यांना भीती भाकरीची वाटते. तज्ज्ञ धास्तावते पाण्याला. गिळणं बिघडलेल्या रुग्णात पातळ पाणी घशाची दारं बंद होण्याआधीच श्वासनळीपाशी पोचू शकतं. त्यातून आपल्याकडे भांडं ओठांना न लावता, मान मागे टाकून वरून पाणी प्यायची सवय. अशा रुग्णाला ती महागात पडू शकते. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींच्या श्वासनळीत पाणी जातं आणि खोकलाही येत नाही. ते बेरियम पाजून घेतलेल्या एक्स-रे चित्रफितीत दिसतं. हनुवटी छातीकडे झुकवून घोट घेणं काहींना मानवतं, सगळ्यांना नाही.

अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेलं कडं पुरेसं उघडत नसेल, तर मिलवॉकीच्या डॉ. रझा शाकेर यांच्या नावाचा व्यायाम देतात. उताणं झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटं दिसेपर्यंत मान उचलायची: मिनिटभर धरून, असं तीनदा, मग सलग 30 वेळा. ‘बिघडलाय घसा, मग मान कशाला उचलायची?’ नातेवाईक विचारतात. तज्ज्ञ त्यांचंच बोट त्यांच्या हनुवटीखाली ठेवते आणि मान उचलायला सांगते. बोटाखाली जे ताठरतं, तेच स्नायू कंठाला वर-पुढे ओढतात.